सामूहिक जंगलाच्या कारभारात स्त्रियांचा निर्णयाधिकार : ग्रामसभांसाठी कार्यपद्धती

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर विदर्भातील शेकडो ग्रामसभांकडे आपल्या परंपरागत हद्दीतील जंगल राखण्याचा, वापरण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार आला. हक्काचे पत्र ग्रामसभेच्या नावाने असते. मात्र ग्रामसभा म्हणजे प्रत्यक्षात कोण, हा प्रश्न पत्र मिळाल्यावर सुटत नाही. तो तेथून सुरू होतो. पहाटे मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपाने तोडून त्यांचे पुडे बांधणाऱ्या, सरपण, वास्ते (बांबूचे कोवळे कोंब), सात्या (रानातील अळंबी), रानभाज्या आणि चारोळी घरी आणणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असतात, आणि जंगल कधी बंद ठेवायचे, तेंदूचा लिलाव कोणत्या अटींवर करायचा, आलेले पैसे कशावर खर्च करायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत बहुतांशी पुरुष बोलतात. हे अंतर सदिच्छेने मिटत नाही. त्यासाठी बैठकीची वेळ, सभासदांची यादी, ठरावाची भाषा, बँक खात्यावरील सह्या आणि हिशेबाची वही या पाच ठिकाणी नेमके बदल करावे लागतात. पुढील मांडणी त्यासाठी आहे.

कायदा काय देतो

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याने ग्रामसभेची व्याख्या करतानाच तीत स्त्रियांचा पूर्ण आणि अनिर्बंध सहभाग असेल असे म्हटले आहे. २००८ च्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून वनहक्कविषयक ग्रामसभेसाठी एकूण सभासदांपैकी किमान निम्म्यांची उपस्थिती लागते आणि उपस्थितांपैकी किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. समजा, एखाद्या टोल्यात (गावाच्या छोट्या वस्तीत) २४० प्रौढ सभासद आहेत, तर किमान १२० जण हजर हवेत आणि हजेरी नेमकी १२० असेल तर त्यांत किमान ४० स्त्रिया हव्यात. त्या ३५ असतील तर गणपूर्ती झाली असे म्हणता येत नाही, आणि अशा सभेत झालेल्या ठरावावर पुढे कोणीही बोट ठेवू शकतो. दाव्यांचे काम पाहणारी वनहक्क समिती १० ते १५ सदस्यांची असते व तिच्यातही किमान एक-तृतीयांश स्त्रिया असणे बंधनकारक आहे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. हक्क मिळाल्यानंतर जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करणारी समिती वेगळी असते. ती नियम ४ खाली ग्रामसभा आपल्या सभासदांमधून नेमते. वनहक्क समितीसाठी जशी स्त्रियांची किमान संख्या लिहिलेली आहे, तशी या दुसऱ्या समितीसाठी त्या नियमात लिहिलेली नाही. म्हणजे दावा दाखल करताना स्त्रिया समितीत असतात आणि प्रत्यक्ष कारभार सुरू होतो तेव्हा त्या बाजूला पडू शकतात. ही उणीव गावाने स्वतःच्या ठरावाने भरून काढावी, आणि ती समिती नेमण्याच्या दिवशीच भरून काढावी. नंतर एखाद्याला खाली उतरवून जागा करणे फार अवघड जाते.

सभासदांची यादी घरटी नको, माणशी हवी

पहिले काम यादीचे. पुष्कळ गावांत समितीची वही घरटी असते, घरप्रमुखाचे नाव त्यात असते आणि तो बैठकीला आला की ते घर हजर मानले जाते. कायद्याच्या दृष्टीने ग्रामसभेचे सभासदत्व प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे आहे. म्हणून प्रत्येक टोल्यातील अठरा वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांची स्वतंत्र नावे असलेली यादी करावी. ती करताना चार गटांकडे जाणीवपूर्वक पाहावे: लग्न होऊन नुकत्याच गावात आलेल्या सुना, विधवा, माहेरी परतलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या स्त्रिया आणि भूमिहीन घरांतील स्त्रिया. ज्यांच्याकडे शेती नाही त्यांचे पोट जंगलावर सर्वांत जास्त अवलंबून असते, आणि यादीतून गळण्याची शक्यताही त्यांचीच सर्वांत जास्त असते. यादी तयार झाल्यावर ती टोल्याटोल्यात मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे सुटलेली नावे तेथेच सांगितली जातात.

ग्रामपंचायतीत अनेक गावे असतील तर सभा टोला किंवा पाडा पातळीवर घेण्याचा आग्रह धरावा. २०१२ च्या दुरुस्तीने पाडे व वस्त्या ओळखण्याची तरतूद केलेली आहे आणि पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) क्षेत्रात तर स्वतंत्र गाव घोषित करण्याची वाट उपलब्ध आहे. दूरच्या गावी, मुख्यालयात होणाऱ्या सभेला पुरुष दुचाकीवर जातात. लहान मूल असलेली बाई जात नाही.

वेळ, जागा आणि भाषा

सभेची वेळ कार्यालयाच्या सोयीने सकाळी अकराची ठरली की स्त्रियांची हजेरी त्याच क्षणी ठरून जाते. मोहाच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, सकाळ वेचण्यात आणि दुपार फुले वाळवण्यात जाते. तेंदूच्या हंगामात पहाटे पाने तोडून दुपारी पुडे बांधायचे आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यायचे असतात. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तर कोणालाच उसंत नसते. म्हणून महत्त्वाच्या सभा दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच्या काळात घ्याव्यात आणि त्यांची वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी. दवंडी किमान दोनदा द्यावी. निरोप घरातील पुरुषाकडे देऊन थांबू नये. बचत गटाच्या बैठकीत, विहिरीवर आणि अंगणवाडीत तो पोहोचवावा. सभेत कोणते विषय आहेत हे निरोपातच सांगितले पाहिजे, कारण विषय माहीत नसताना सभेला गेलेला माणूस ऐकून परत येतो, बोलत नाही.

बोलण्याची भाषा गोंडी, माडिया, कोलामी किंवा कोरकू असेल तर सभा त्याच भाषेत चालवावी. इतिवृत्त मराठीत लिहावे, पण सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी प्रत्येक ठराव गावाच्या भाषेत सांगावा. बसण्याच्या व्यवस्थेकडेही लक्ष द्यावे. पुरुष पारावर आणि स्त्रिया मागे भिंतीशी अशी बैठक असेल तर मागच्या आवाजाला पुढे यायला फार बळ लागते; सर्वांनी एका गोलात बसणे हा साधा उपाय आहे आणि तो उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे, परंतु बऱ्याच ठिकाणी ती कागदावर उरकली जाते. वनव्यवस्थापनासाठी हीच सभा सर्वांत कामाची ठरू शकते. ती एक-दोन दिवस आधी घ्यावी, तीत ग्रामसभेचे विषय एकेक करून चर्चेला घ्यावेत, स्त्रियांचे म्हणणे दोन-तीन वाक्यांत लिहून काढावे आणि ते मांडण्यासाठी एकीऐवजी दोघी-तिघी ठरवाव्यात. एकटी बोलणारी बाई सहज गप्प केली जाते. तिच्यामागे लगेच दुसरी उठून तेच म्हणणे मांडू लागली की विषयाची नोंद घ्यावीच लागते. मेंढ्यात निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची आणि निर्णयाआधी अभ्यास गटात विषय समजून घेण्याची पद्धत रुजली. स्त्रियांसाठी अभ्यास गट विशेष मोलाचा असतो, कारण कायदा, लिलाव आणि हिशेब यांविषयीचे न विचारलेले प्रश्न तेथे निःसंकोच विचारता येतात.

समिती नेमताना

अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधील सामुदायिक वनसमित्यांचा अभ्यास केला. समितीत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांशापर्यंत गेले की त्या बैठकीला येण्याची आणि बोलण्याची शक्यता लक्षणीय वाढते, असे त्यांना आढळले. त्यामुळे अकरा जणांत दोन बायका घेऊन समाधान मानणे व्यर्थ आहे. माझे मत असे की गावाने सरळ निम्म्या जागा स्त्रियांसाठी ठेवाव्यात, आणि अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष या तीन पदांपैकी किमान एक, शक्यतो कोषाध्यक्षाचे पद, स्त्रीकडे द्यावे. जिच्याकडे हिशेब असतो तिला डावलून बैठक घेता येत नाही.

निवड करताना सरपंचांची पत्नी किंवा आधीच्या अध्यक्षांची सून यांच्यापुरते न थांबता जंगलात रोज जाणाऱ्या स्त्रियांची नावे पुढे आणावीत. ‘तिला लिहिता-वाचता येत नाही’ ही हरकत हमखास येते. लिहिण्यासाठी गावातील शिकलेली मुलगी किंवा मुलगा मदतनीस म्हणून देता येतो. कोणत्या नाल्याकाठी कोणता कंद कमी झाला हे मात्र तिलाच ठाऊक असते. सदस्य स्त्रीच्या जागी तिचा नवरा किंवा मुलगा बैठकीला बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे.

ठराव साधारण असा लिहावा: ‘ग्रामसभा असे ठरवते की सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीत किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असतील; समितीच्या बैठकीत किमान एक-तृतीयांश सदस्य स्त्रिया उपस्थित नसल्यास ती बैठक तहकूब होईल; सदस्य स्त्रीच्या वतीने अन्य कोणीही व्यक्ती उपस्थित राहणार नाही; ग्रामसभेच्या खात्यातून रक्कम काढण्यासाठी किमान एका स्त्री पदाधिकाऱ्याची सही आवश्यक राहील.’ ठरावावर उपस्थित स्त्री-पुरुषांची संख्या वेगवेगळी लिहावी आणि त्याची प्रत बँकेतही द्यावी.

व्यवस्थापन आराखडा : खरे काम येथे आहे

आराखडा म्हणजे जंगलाचे कोणते क्षेत्र कशासाठी, कधी आणि कोणत्या नियमाने वापरायचे याचा लेखी करार. तो बाहेरच्या तज्ज्ञाकडून लिहून घेतला की त्यात रोपवन, समतल चर आणि इमारती लाकडाच्या जाती येतात, पण चारोळी, डिंक आणि रानभाज्या येत नाहीत. ते टाळण्यासाठी शिवारफेरी दोनदा करावी. एक फेरी सर्वांची. दुसरी केवळ स्त्रियांची, ज्या वाटेने त्या रोज जातात त्या वाटेने, आणि त्या फेरीत वयस्क बायका व तरुण सुना दोघी असाव्यात. नकाशावर मोहाची झाडे, तेंदूचे पट्टे, सरपणाच्या जागा, पाण्याची ठिकाणे, औषधी वनस्पती, वास्ते निघणारी बांबूची बेटे आणि देवस्थाने यांच्या खुणा कराव्यात. प्रत्येक वस्तूसाठी तीन प्रश्न विचारावेत: दहा वर्षांपूर्वी ही किती मिळत होती, आता मिळवायला किती लांब जावे लागते आणि कमी होण्याचे कारण काय.

या फेरीतून निघणारी माहिती थेट नियमांत उतरली पाहिजे. चारोळीसाठी फांद्या तोडू नयेत, फळ पिकण्याआधी झोडपू नये, कंद काढताना काही भाग जमिनीत ठेवावा, बांबूच्या प्रत्येक बेटात ठराविक कोवळे वास्ते राखावेत, असे नियम स्त्रियांनी सुचवले तर तेच पाळले जातात, कारण ते पाळायचे त्यांनाच असते.

सर्वांत जास्त सावधगिरी बंदीच्या बाबतीत हवी. जंगल वाचवायचे म्हणून एखादा कक्ष तीन-पाच वर्षे पूर्ण बंद करणे हा उत्साहात घेतला जाणारा निर्णय असतो. त्या दिवसापासून बाईची मोळी दोन कोस लांब जाते, किंवा तिला शेजारच्या गावाच्या हद्दीत चोरून शिरावे लागते, किंवा चुलीत पाने व तुराट्या घालून धुरात बसावे लागते. बंदीचा ठराव मांडणाऱ्याने त्याच वेळी सरपण कोठून येणार हे सांगितले पाहिजे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर महिला सभेला मिळेपर्यंत ठराव पुढे ढकलावा. मार्ग निघू शकतात: कक्ष आळीपाळीने बंद ठेवणे, वाळलेले व पडलेले लाकूड उचलण्यास आठवड्यातील ठराविक दिवशी मुभा देणे, बांबूच्या तोडणीनंतर उरणारा कचरा गावात वाटणे, गावाजवळच्या पडीक जागेवर झपाट्याने वाढणारी सरपणाची झाडे लावणे. संपूर्ण बंदीपेक्षा आळीपाळीची बंदी गावाला अधिक काळ पेलते, असे माझे ठाम मत आहे.

वणव्याचाही येथेच विचार करावा. मोहफुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची सवय अनेक गावांत आहे आणि तीच आग पुढे पसरते. केवळ दंड लावून हे थांबत नाही, कारण पाला झाडून जागा स्वच्छ करण्याचे जादा काम पुन्हा स्त्रीच्याच वाट्याला येते. जाळी किंवा जुन्या साड्या झाडाखाली अंथरणे, झाडणीचे काम घरातील पुरुषांनी वाटून घेणे आणि जाळी ग्रामसभेच्या निधीतून घेणे असा ठराव केला तर आग न लावण्याचा नियम न्याय्य होतो आणि टिकतो.

पैसा : कार्ड, खाते आणि वाटप

कायद्याने बांबू, तेंदूपान, मध, मोह, डिंक यांसह गौण वनोपजाची मालकी गावाला दिली आहे, त्यामुळे आता रक्कम मोठी असते आणि वादही मोठे होतात. तेंदूच्या कामात पहिली दुरुस्ती संकलन कार्डात करावी. अनेक ठिकाणी कार्ड घरप्रमुखाच्या नावाने निघते; ७० पानांचा पुडा बांधणारी बाई, आणि मजुरी मात्र नवऱ्याच्या खात्यात. ग्रामसभा स्वतः संकलन करत असेल तर कार्ड पाने आणणाऱ्या व्यक्तीच्या नावाने काढावे, एकाच घरात दोन कार्डे असली तरी चालतील असे ठरवावे आणि रक्कम तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करावी. खाते नसलेल्या स्त्रियांची खाती हंगामाच्या दोन महिने आधी उघडून घ्यावीत. संकलन सुरू झाल्यावर ते काम कधीच होत नाही.

दुसरी दुरुस्ती लिलावात. व्यापाऱ्याशी बोलणी करायला जाणाऱ्या गटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, आणि करारात मजुरीचा दर, रक्कम देण्याची मुदत, पावसात भिजलेल्या पानांचे नुकसान कोणी सोसायचे आणि पुडे कोणत्या कारणाने नाकारता येतील हे स्पष्ट लिहावे. पुडे नाकारण्याचा प्रश्न संकलन केंद्रावर रोज संध्याकाळी उभा राहतो आणि त्याचा फटका थेट बांधणाऱ्या स्त्रीला बसतो, म्हणून मोजणीच्या वेळी समितीतील एक स्त्री सदस्य तेथे हजर असावी.

मोहफुलाचे गणित वेगळे आहे. हंगामात घरची गरज भागवण्यासाठी ते पडत्या भावाने विकले जाते आणि पावसाळ्यात तेच चढ्या भावाने विकत घ्यावे लागते. ग्रामसभेच्या निधीतून साठवणीसाठी कोरडी खोली आणि वेचणाऱ्या स्त्रीला माल ठेवताक्षणी काही उचल, इतकी सोय केली तर विक्रीची वेळ ठरवणे तिच्या हाती येते. अशा साठवणुकीचा कारभार बचत गटाकडे द्यायला हरकत नाही, मात्र हिशेब ग्रामसभेसमोर वाचला गेला पाहिजे.

मजुरी वजा जाता उरलेल्या निधीचा खर्च ठरवताना महिला सभेने सुचवलेली किमान एक बाब दरवर्षी मंजूर करण्याचा पायंडा पाडावा. रस्ता आणि सभामंडप यांच्या जोडीला मोजणीच्या जागी सावली व पाणी, जंगलातील झऱ्याची दुरुस्ती, बाळंतपणासाठी तातडीची मदत अशा गोष्टी तेव्हाच यादीत येतात. वर्षातून दोनदा जमाखर्च मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावावा आणि मोठ्याने वाचावा.

गस्त आणि तंटे

गस्तीच्या पाळीतून स्त्रियांना ‘त्रास नको’ म्हणून वगळू नये. शेजारच्या गावची बाई मोळी नेताना पुरुषांनी अडवली की प्रकरण झोंबाझोंबी आणि आरोपांवर जाते. गस्तीत स्त्रिया असतील तर बोलणे होते आणि तिची अडचणही कळते. स्त्रियांनी दिवसाची पाळी किमान चौघींच्या गटाने करावी, रात्रीची पुरुषांनी, आणि गस्तीसाठी मानधन ठेवले असेल तर दोघांना सारखेच. सरपणाच्या दंडाची रक्कम व्यापारी तोडीच्या दंडाच्या तुलनेत नाममात्र असावी, आणि ती ठरवणाऱ्या बैठकीत मोळी वाहणाऱ्या स्त्रिया असाव्यात. शेजारच्या गावाशी वारंवार वाद होत असेल तर दोन्ही गावांच्या महिला सभांची एकत्र बैठक घ्यावी.

गाव एकटे पडू नये यासाठी तालुका पातळीवरील संघटन उपयोगी पडते. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, आणि तेथे बचत गटांतून संघटित झालेल्या स्त्रिया जंगलाच्या आणि खाणविरोधाच्या प्रश्नांवर बोलू लागल्या. अशा मंडळावर प्रतिनिधी पाठवताना एक पुरुष व एक स्त्री अशी जोडी पाठवावी आणि प्रवासाचा खर्च निधीतून द्यावा. खर्च घरून करायचा असेल तर तिचे जाणे पहिल्या दोन बैठकांनंतर थांबते.

पहिल्या वर्षाचा क्रम

दिवाळीनंतर माणशी यादी आणि टोल्याटोल्यातील वाचन. डिसेंबरात महिला सभा व स्त्रियांची शिवारफेरी. जानेवारीत समितीच्या रचनेचा ठराव, शक्य असल्यास २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी, कारण त्या दिवशी विषयांची गर्दी असते. त्याच महिन्यात बँक खात्यावरील सह्यांचा बदल. फेब्रुवारीत जाळरेषा (वणवा रोखण्यासाठी मोकळे केलेले पट्टे), तेंदूची खुटकटाई (नवी पालवी यावी म्हणून झुडपांची छाटणी) आणि संकलन कार्डांची नावे. मार्चच्या सुरुवातीला मोहाखालच्या जाळ्या आणि साठवणीची खोली तयार हवी. मेमध्ये संकलन केंद्रावर स्त्री सदस्यांच्या पाळ्या. पावसाळ्यात आराखड्याचा मसुदा लिहून काढावा, रोवणी उरकल्यावर तो गावाच्या भाषेत वाचावा, आणि पुढच्या दिवाळीनंतर महिला सभेने त्यावर आपल्या हरकती नोंदवल्यावरच तो ग्रामसभेसमोर अंतिम मंजुरीसाठी ठेवावा.